तोंड न लपवता

आमचे घरमालक रडायचे. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण करावे गावात त्यांचं घर विचारलं तर लोकही हेच आधी सांगायचे. "कोन, ते रडनारे? देवलाच्या मागं, तीन मजली, हिरवं गेट."

दारात उभे राहिले की दार भरून जायचं, असा माणूस. तरुणपणी गावाच्या संघात कबड्डी खेळलेले, नंतर बरीच वर्षं बंदरावर क्रेन चालवलेली. मिशा जाड, गळ्यात साखळी, आणि आवाज असा की ओट्यावर बोलले तरी पहिल्या मजल्यावर आमच्या बंद खिडकीतून ऐकू यायचं. हा माणूस टीव्हीवर कुणाची हरवलेली मुलगी सापडली की रडायचा. नुसत्या डोळ्यांच्या कडा ओलावणं वगैरे नाही. खांदे हलायचे, नाक वाहायचं, शब्द अर्धवट राहायचे. मग खांद्यावरच्या टॉवेलनं चेहरा खसाखसा पुसायचे आणि "चला, चा टाका" म्हणायचे. रडणं संपलेलं असायचं, पुन्हा त्याचा विषय नाही.

मी सांगलीकडचा. पावणे गावच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगची मशिनं दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये नोकरी लागली, लग्न झालं, आणि सीवूड्सचं भाडं परवडेना म्हणून आम्ही मागच्या गावात, म्हणजे कराव्याला, यांच्याकडं राहायला आलो. आमच्या घरात माझ्या वडिलांना रडताना मी कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी त्यांच्या वडिलांना पाहिलं असेल असंही वाटत नाही. त्यामुळं पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी कामावरून आलो, तर मालक ओट्यावर बसून हुंदके देतायत, हे बघून मला काही सुचेना. त्यांच्या वडिलांची जुनी होडी त्या दिवशी मोडायला नेली होती, हे मला नंतर कळलं. मी सभ्यपणानं मान वळवली, मोबाईल काढला आणि जिन्याकडं सटकायला लागलो.

"ए, इकडं बघ," त्यांनी हाक मारली. "तोंड कशाला फिरवलंस? मी काय कपडे बदलतोय?"

मी थांबलो. "नाही काका, म्हटलं तुम्हाला एकटं..."

"एकट्यानं रडायचं असतं तर संडासात बसलो असतो. बस."

मी बसलो. ते रडले. मी गेटकडं बघत होतो. मग त्यांनी मला होडी कशी होती ते सांगितलं आणि चहा पाजला.

तोंड लपवायचं नाही, हा त्यांचा नियमच होता. "लपवलं की चोरी वाटते," असं म्हणायचे. दुसरा नियम, रागानं रडायचं नाही. राग आला तर बोलायचं. आणि बोलायचे तेव्हा समोरचा बराच वेळ गप्प बसायचा.

काकी, म्हणजे त्यांची बायको, अगदी उलटी. सीवूड्सच्या बाजारात मासे विकायची. पहाटे उठून माल आणणं, गिऱ्हाइकाशी घासाघीस, पावसात ताडपत्री बांधणं, सगळं एकटीनं. तिला रडताना कुणी पाहिलं नव्हतं. एकदा कोयत्यानं बोटाला खोल लागलं तेव्हा ती चिंधी गुंडाळून रावस कापत राहिली आणि काका शेजारी उभे राहून रडत होते. गिऱ्हाईक हसायला लागलं. काका म्हणाले, "हसू नका. आमच्या घरात रडायचं खातं माज्याकडं हाय. तिला येत नाय. सगल्यांना सगलं कुठं येतं?"

ही माणसं अशी आहेत हे गावानं एका अर्थी मान्य केलं होतं. म्हणजे पाठीमागं हसायचे. समोर पहिल्यांदा कुणी बोललं ते त्यांची आई गेली तेव्हा.

म्हातारी आजारीच होती. सकाळी गेली. आत खोलीत तिला ठेवलेलं, भोवती बायका बसलेल्या, रडण्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत. बाहेर मंडप टाकलेला, तिथं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पुरुषमाणसं. कुणी फोनवर, कुणी पेपर वाचतंय, कुणी तंबाखू मळतंय. मी बाहेर बसलो होतो, कारण पुरुषांनी बाहेर बसायचं असतं. काका आत होते. आईच्या उशाशी, बायकांच्या मधोमध मांडी घालून, आईचा हात हातात घेऊन मोठ्यानं रडत होते.

त्यांचे थोरले भाऊ दारात आले. ते पंचायतीच्या काळापासून गावात मान असलेले गृहस्थ. हळू आवाजात म्हणाले, "ऊठ. बाहेर चल. लोक बघतात."

"बघू दे," काका म्हणाले. "आयला बघायला आलेत ना, मला पन बघतील."

"बायकांसारखा काय रडतोस?"

"बायकांसारखा नाय." काकांनी मान वर केली. नाक, मिशा, सगळं भिजलेलं. "मुलासारखा रडतो. आय मेली हाय माजी."

भाऊ बाहेर निघून गेले.

त्याच खोलीत आणखी एक गोष्ट चालली होती. काकी रडत नव्हती. ती बर्फाच्या लाद्या आणवत होती, भटजीला फोन करत होती, लांबून येणाऱ्या नणंदेला कुठल्या थांब्यावर उतरायचं ते सांगत होती. दोघीचौघी कुजबुजायला लागल्या. सून असून डोळ्यांत टिपूस नाही. दगडाची आहे. सासू गेली तर मोकळी झाली. हे सगळं काकांच्या कानावर गेलं. रडता रडता ते थांबले. अगदी नळ बंद करावा तसे.

"कोन बोललं?" त्यांनी विचारलं.

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

"शेवटची दोन वर्सं आयला आंघोल हिनं घातली. भरवलं हिनं. रात्री उठून कपडे बदलले हिनं. तेवा इथं रडनाऱ्या कितीजनी आल्या होत्या? ती नाय रडनार. तिचं करून झालंय. तुमाला रडायचं असंल तर रडा, पन तिच्याकडं बोट दाखवाल तर आयच्या समोरून उठवीन."

काकांनी आईचा हात पुन्हा हातात घेतला आणि राहिलेलं रडू सुरू केलं. मी हे मंडपातून, खिडकीजवळच्या खुर्चीवरून पाहिलं. काकी दारात उभी होती, हातात चहाची किटली. तिनं नवऱ्याकडं एकदा बघितलं आणि चहा द्यायला बाहेर आली.

पुढचं माझं आहे, पण ते काकांशिवाय सांगता येत नाही.

माझी बायको सातव्या महिन्यात होती. सगळं ठीक चाललं होतं. एका दुपारी तिला बाळाची हालचाल जाणवेना. खारघरच्या हॉस्पिटलात नेलं. बाळ गेलेलं होतं. मुलगा होता. हे एवढंच लिहितो.

त्यानंतर आमच्याकडं खूप माणसं आली, खूप फोन आले. सगळे तिच्याबद्दल विचारायचे. ते बरोबरच होतं. मला सगळ्यांनी एकच सांगितलं. माझ्या आईनं फोनवर सांगितलं, सासऱ्यांनी सांगितलं, मित्रांनी सांगितलं. तू खंबीर राहा, तिला सांभाळ. मी खंबीर राहिलो. हॉस्पिटलचं सगळं मी केलं. बाळाला स्मशानात मी नेलं. दोन दिवसांनी कामावर गेलो, कारण सुपरवायझर म्हणाले, "बाईला विश्रांती हवी, ते समजू शकतो. तुला काय झालंय? ये, कामात मन रमतं." मन रमलं नाही, पण हात चालत होते. घरी आलो की मी बायकोला औषधं द्यायचो, जेवण वाढायचो, आणि तिच्याकडं न बघता बोलायचो. तिच्याकडं बघितलं तर मी कोसळेन, अशी भीती वाटायची. ती हळूहळू माझ्याशी बोलायची बंद झाली. मला वाटलं, तिला दुःख झालंय म्हणून.

आमच्या खोलीच्या छताला मी पाळण्यासाठी हूक बसवला होता. एका रविवारी दुपारी ती आत झोपली होती आणि मला तो हूक डोळ्यांसमोर सहन होईना. मी स्टुलावर चढलो आणि पान्यानं तो काढायला लागलो. सिमेंटमध्ये पक्का बसलेला. मी ठोकायला लागलो. छताचे पापुद्रे डोळ्यांत पडत होते आणि मी ठोकतच होतो. आवाज खाली गेला असणार. काका वर आले. दार उघडंच होतं.

स्टूल डगमगत होतं ते त्यांनी दोन्ही हातांनी धरलं. मी अजून ठोकत होतो. थोड्या वेळानं म्हणाले, "उतर."

"एवढा काढतो."

"तो ऱ्हाऊ दे. उतर खाली."

मी उतरलो. पाहिलं तर ते रडत होते. मला एकदम राग आला. म्हटलं, "काका, तुम्ही कशाला रडताय? मूल माझं होतं."

"म्हनून तर," ते म्हणाले. "तू नाय रडलास. कोनीतरी रडाया पायजे त्याच्यासाठी."

मी जमिनीवर बसलो. तेही बसले, गुडघे मोडत, भिंतीला टेकून. मग त्यांनी मला त्यांच्या वडिलांची गोष्ट सांगितली. काकांचा धाकटा भाऊ लहानपणी तापानं गेला. वडील खाडीत मासेमारी करायचे, तगडा माणूस. रडले नाहीत. लोकांनी कौतुक केलं, काय काळजाचा माणूस आहे म्हणून. दुसऱ्या दिवशी होडी काढून गेले. आणि त्या दिवसापासून घरात मारायला लागले. आधी बायकोला, मग पोरांना. कारण काहीही पुरायचं. मीठ कमी, जाळं फाटलं, दार वाजलं.

"आमच्या बापाला रडता आलं नाय," काका म्हणाले. "ते पानी कुठंतरी जानारच ना. हातात गेलं." मग ते माझ्याकडं वळले. "तुला नाय आलं तर नको रडू. जबरदस्ती नाय. पन हे ठोकतोयस ते काय हाय, ते बघ."

मी पान्याकडं बघितलं. माझा हात सोलपटला होता आणि मला कळलंही नव्हतं. आणि मग ते आलं. मी कसा रडलो ते मला सांगता येणार नाही. मोठा झाल्यापासून माझ्या घशातून तसा आवाज निघालेला नव्हता. काका शेजारी बसून राहिले. पाठीवर थोपटलं नाही, "बस आता" म्हणाले नाहीत.

बायको आतल्या दारात येऊन उभी राहिली होती. किती वेळ उभी होती माहीत नाही. ती भिंतीला धरून खाली बसली आणि म्हणाली, "मला वाटलं तुला काहीच वाटलं नाही."

काका उठले, टॉवेलनं तोंड पुसलं आणि दार ओढून घेऊन खाली गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या सुपरवायझरना त्यांनी स्वतः फोन लावला. मी समोर उभा होतो. "मी घरमालक बोलतो," ते म्हणाले. "याच्या घरी मयत झालंय. हा आठवडाभर येनार नाय." पलीकडून काहीतरी बोलणं झालं. "मूल झालं नाय म्हंजे काय? मंग यानं स्मशानात काय नेलं? तुमचा भाऊ गेला तर तुमी दुसऱ्या दिवशी पाना-पकड घेऊन बसाल काय?" पुन्हा पलीकडून काहीतरी. "कापा पगार," काका म्हणाले आणि फोन ठेवला. पगार माझा होता. पण मला हसू आलं, त्या महिन्यातलं पहिलं.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, आम्हाला मुलगी झाली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात, काकांच्या मुलीचं लग्न निघालं. एकुलती एक. फिजिओथेरपिस्ट, बापासारखीच आडदांड आणि आईसारखी कोरड्या डोळ्यांची. मुलगा पनवेलकडचा, एका शिपिंग कंपनीत कामाला. त्याचे वडील तो शाळेत असतानाच गेले होते. त्याला वाढवलं, शिकवलं ते त्याच्या मामांनी. त्यामुळं लग्नातही मुलाकडून मामाच पुढं.

हळदीला रात्रभर डीजे, गावच्या मैदानात मंडप, आकाशात ड्रोन. काकांनी हळद लावताना रडून घेतलं, मंगलाष्टकांना रडून घेतलं. पाठवणीला तर मुलगी गाडीकडं निघाली आणि त्यांना उभं राहवेना. तेव्हा व्हिडिओवाला पुढं आला. तरुण मुलगा, डोक्याला पट्टी बांधलेली.

"काका, तुम्ही जरा बाजूला जाऊन पाणी प्या. फ्रेममध्ये बरोबर दिसत नाही. काकी, तुम्ही पुढं या. मुलीच्या गळ्यात पडा, थोडं रडा, मी क्लोज घेतो."

काकी म्हणाली, "मला रडू नाय आलं तर?"

"खोटं खोटं चालेल. आपण मागं म्युझिक टाकतो ना."

"जी रडत नाय तिला रडवतोस," काका म्हणाले, "आनि जो रडतो त्याला पानी प्यायला पाठवतोस. बाप दिसतो तसा घे. नायतर कॅमेरा बंद कर."

लोक हसले. त्या हसण्यानं मामांना अवघडल्यासारखं झालं असावं. ते कडक इस्त्रीच्या सफारीत, गाडीच्या दाराशी उभे होते. म्हणाले, "व्याही, आवरा आता. मुलीचा बाप तुम्ही, जरा पुरुषासारखं वागा. आमच्या घरात पुरुष रडत नाहीत."

काकांचं रडणं थांबलं.

"कोनीच नाय?"

"कोणीच नाही."

"मंग थांबा. गाडी बंद करा."

बँडवाल्यांनी आधी ताशा थांबवला, मग बाकीचं. काकांनी पुढं होऊन मुलीचा हात धरला. "या पोरीनं जन्मापासून बापाला रडताना बघितलंय. तिला ठाव हाय, बाप रडला म्हंजे बाप हाय. जिथं कोनीच रडत नाय तिथं काय होतं ते मी लहानपनी बघितलंय. तसल्या घरात मी तिला पाठवनार नाय."

एकदम कालवा झाला. मामा "हा काय तमाशा आहे" म्हणत ड्रायव्हरला हाका मारत गाडीच्या पलीकडं गेले. काकांचे थोरले भाऊ कपाळावर हात मारून खुर्चीत बसले. काकी मात्र जागची हलली नाही. नवऱ्याला अडवायलाही नाही.

मुलगीच बोलली. "बाबा, मामांना काय विचारता? मला त्यांच्यासोबत थोडंच राहायचंय. याला विचारा."

नवरदेव फेटा घालून उभा होता, घामाघूम. काका त्याच्या अगदी जवळ गेले. मी कडेवर आमची मुलगी घेऊन शेजारीच होतो म्हणून मला ऐकू आलं.

"तुला रडू येतं का कदी?"

त्यानं इकडंतिकडं बघितलं. त्याचे मित्र मागं उभे होते. हळूच म्हणाला, "येतं."

"मंग काय करतोस?"

"बाईक काढतो. हेल्मेटची काच खाली घेतो आणि पामबीच रोडवर एक चक्कर मारतो." तो थांबला. "घरी येईपर्यंत थांबतं."

"कदीपासून?"

"बाबा गेल्यापासून. आधी सायकल होती. तोंडाला रुमाल बांधायचो."

काकांनी त्याच्या मानेवर हात ठेवला. मुलीनं मग त्याचा हात धरला आणि बापाला म्हणाली, "येतो आम्ही. याचं मी बघते." ती गाडीत बसली, तो बसला, आणि काका गाडी वळेपर्यंत रस्त्याच्या मधोमध उभे राहून, तोंड न लपवता, रडत राहिले.

काकांनी नवरदेवाला विचारलं तिथपासूनचं सगळं कुणीतरी मोबाईलवर घेतलं होतं, अगदी जवळून. दोन दिवसांत कराव्यापासून उरणपर्यंत सगळ्यांच्या फोनवर होतं. हसणारे चेहरे, खाली काय काय लिहिलेलं. पुतणे तावातावानं आले. काका, तक्रार करू, काढून टाकायला लावू. काकांनी ते टीव्हीवर लावायला सांगितलं, शेवटपर्यंत बघितलं, पुन्हा थोडे रडले आणि म्हणाले, "बरं आलंय. मला पाठवा." मग ते त्यांनी स्वतःच्या व्हॉट्सॲपच्या स्टेटसला लावलं आणि रोज उतरलं की रोज पुन्हा लावायला लागले.

त्यावरूनच एका संध्याकाळी मामा आले. मी भाडं द्यायला खाली आलो होतो. मामा खुर्चीत ताठ बसले आणि म्हणाले, "आमच्या घराची शोभा चाललीय. ते स्टेटस काढा."

"माजं तोंड, माजा फोन," काका म्हणाले. "नाय काढनार. तुमी बघितलंय का पुरतं?"

"मला बघायची गरज नाही. मी होतो तिथं."

"तुमी गाडीपाशी होता." काकांनी फोन त्यांच्या हातात दिला.

मामांनी अनिच्छेनं बघितलं. मध्ये एका ठिकाणी त्यांनी फोन कानाजवळ नेला. पुन्हा मागं घेऊन लावला. गल्लीत मुलं क्रिकेट खेळत होती, त्यामुळं मला आवाज आला नाही, पण ते कुठलं वाक्य ऐकतायत ते मला कळत होतं.

"सायकलवर," मामा म्हणाले. "मला कधी बोलला नाही."

काकांनी आपली खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"बाप गेला तेव्हा बारका होता. स्मशानातून आणताना मीच म्हटलं त्याला. आता तू घरातला पुरुष. आईसमोर रडायचं नाही. मी... दुसरं काय सांगणार होतो? मला पण तेच सांगितलं होतं."

काकीनं चहा आणून ठेवला आणि आत गेली. मामा फोन हातात घेऊन बसले होते. स्क्रीन बंद झाली तरी ते तिच्याकडंच बघत होते. मग त्यांनी चष्मा काढला. इस्त्रीचा रुमाल काढून डोळ्यांवर धरला आणि त्यांची मान खाली गेली. काका जागचे उठले, खुर्ची उचलली आणि मामा आणि गल्ली यांच्या मध्ये ठेवून त्यावर बसले, गल्लीकडं तोंड करून. स्वतः मात्र रडत नव्हते.

समोरून जाणारा एक शेजारी थांबला. गेटवर हात ठेवून आत डोकावला. "काय झालं? पाव्हनं रडतात काय?"

"हा, रडतात," काका म्हणाले. "तुला काय काम हाय?"